घरात माणूस असल्याची खूण

बेट, ४ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र पोचलं. माझ्या गल्लीतल्या घरफोड्यांची बातमी तू ज्या उत्साहाने कळवलीस, त्यावरून निदान एक तरी तू तिकीट काढून पाहून आली असावीस असं वाटलं. कोपऱ्यावरच्या दंतवैद्यांचं घर भरदुपारी साफ झालं आणि जाताना चोराने फाटक नीट लोटून घेतलं, हे वाचून मात्र काळजी वाटली. व्यवस्थित माणसांची मला नेहमीच भीती वाटत आली आहे.

इकडचं म्हणशील तर, इथल्या दिवंगत गृहस्थांनी जन्मभर पोथ्या जमवल्या आणि वाळवीने त्या जन्मभर मन लावून वाचल्या. तिने काय शिल्लक ठेवलं ते पाहायला मला वर्षभरासाठी बोलावलं आहे. टपालाचं विमान आठवड्याने येतं, माणसांची बोट पंधरवड्याने. बंदरावर बिनतारी यंत्र आहे, पण ते बुडणाऱ्या जहाजांसाठी राखून ठेवतात. मी अजून बुडालो नाही, म्हणून पत्र.

आता माझ्या रिकाम्या घराचं. चोर हा पक्का नैयायिक असतो, बरं का. डोंगरावर धूर दिसला की आपण म्हणतो, तिथे अग्नी आहे. दारात साचलेलं टपाल दिसलं की तो म्हणतो, इथे माणूस नाही. तेव्हा आपण नुसता धूर करायचा, अग्नीची गरज नाही. दुकान बंद करून घरी जाताना वाट वाकडी कर. पुढच्या खोलीतला दिवा कधी लाव, कधी विझव. वरचा पडदा एकदा उघडा, एकदा ओढलेला. माझ्या जुन्या चपला मागच्या दाराशी, दोरीवर एखादा सदरा. रेडिओ लावलास तर बातम्या लाव, गाणी नको. मी गाणी ऐकतो यावर गल्लीत कुणाचा विश्वास बसणार नाही.

अख्ख्या गावाला चष्मे घालणारी बाई तू. एका चोराला चुकीच्या नंबरचा घालणं तुला काय अवघड?

तुझा
दादा


२७ मार्च

दादा,

तुझ्या चपला मागच्या दाराशी ठेवल्या. त्या पाहून कुठलाही चोर म्हणेल, या घरात नेण्यासारखं काही नाही. सदरा दोरीवर टाकला, मग वाटलं, कोरडा सदरा कोण वाळत घालतं? म्हणून पिळून ओला करून टाकला. चोरासाठी धुणं धुणारी मी जगातली पहिलीच असेन. समोरचे घड्याळवाले काका दुकानाच्या काचेतून सगळं बघत असतात. परवा गंभीरपणे विचारलं, "बाई, आत कोणी नसताना तुम्ही भांडता कुणाशी?" मी रेडिओशी भांडत होते. तुझ्याच पसंतीच्या बातम्या.

आता एक विचारते, सरळ सांग. तू आणखी कुणाला किल्ली दिली आहेस का? रविवारी मी वरचा पडदा ओढून गेले, पुढच्या वेळी आले तर तो उघडा. चपलांची तोंडं मी बाहेर केली होती, ती आत वळलेली. सदरा दोरीवर नाही. शोधला तर वाळवून, छान घडी घालून खुर्चीवर ठेवलेला. आणि काका म्हणतात, "संध्याकाळी वरचाही दिवा लावता ते उत्तम करता." मी वरचा दिवा आजवर लावलेला नाही. जिना चढला की माझे गुडघे बोलतात, तुला ठाऊक आहे.

दुसऱ्या कुणाला सांगितलं असशील तर ठीक आहे, मला राग नाही. थोडा आहे. बहिणीला नोकरीवर ठेवायचं आणि तिच्यावर मुकादमही नेमायचा, हे तुलाच सुचेल.

गल्लीत आणखी एक घर फुटलं, औषधवाल्यांचं. तुझ्या दोन्ही बाजूंची घरं झाली, तुझं तेवढं राहिलं. तुझ्या धुराचा गुण म्हणायचा.

भिंगरी


बेट, ५ एप्रिल

प्रिय भिंगरी,

पकडलंस. आता लपवण्यात अर्थ नाही. होय, एक शिष्य नेमला आहे.

फार गुणी प्राणी. पगार मागत नाही, शंका विचारत नाही, माझ्या व्याख्यानात जांभई देत नाही. तीस वर्षं शिकवूनही असा भेटला नव्हता, म्हणून भेटल्याबरोबर ठेवून घेतला. स्वभाव इतका संकोची की माणूस दिसला की तो दिसेनासा होतो. तेव्हा त्याला हाक मारू नकोस, पाहायला वर जाऊ नकोस. दक्षिणा म्हणून थोडी साखर ओट्यावर ठेवत जा. असे जीव साखरेवर राहतात असं ऐकून आहे.

सदऱ्याची घडी हा तपशील मला अतोनात आवडला. तुझ्या पत्रातलं सर्वांत सुंदर वाक्य.

पोथ्यांचं काम मुंगीच्या पावलाने चालू आहे. काल एका पोथीत मधलीच पानं नव्हती. आधीच्या माणसाने पहिलं आणि शेवटचं पान पाहून "संपूर्ण" असा शेरा मारला होता. सुखी माणूस.

तुझा
दादा


१९ एप्रिल

दादा,

शिष्याचं आधी सांगितलं असतंस तर माझं काय बिघडलं असतं? मी उगीच पंधरा दिवस मनात घाबरत होते. तुझी ती जुनी खोड: घरात माणूस ठेवायचा आणि घरच्यांनाच सांगायचं नाही. मागे पोटमाळ्यावर तो दाढीवाला ठेवला होतास, व्याकरण करणारा, तोही मला त्याच्या खोकल्यावरूनच कळला होता.

पण हा खरंच गुणी आहे. साखर ठेवली, संपली. मग वाटलं, तरण्या पोराने नुसत्या साखरेवर काय राहायचं, म्हणून डबा ठेवायला लागले. डबा रिकामा, धुऊन, पालथा घालून ठेवलेला असतो. तुझ्या एकाही विद्यार्थ्याला आजवर कप विसळता आलेला नाही, तेव्हा याला कुठून आणलंस? हाक मारायची नाही म्हणालास म्हणून मारत नाही. जिन्याशी उभी राहून नुसतं "डबा ठेवलाय हो" म्हणते. वर एक फळी वाजते. बस, तेवढंच आमचं संभाषण.

बातमी वाईट आहे. या वेळी चोर निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंकडे शिरला. त्या घरातच होत्या. त्यांना पाहून पळाला नाही, ओरडलाही नाही. त्यांना खुर्चीला बांधलं, पेलाभर पाणी पाजलं, सावकाश काम उरकलं आणि गेला. बाई दवाखान्यात आहेत. भेटायला गेले तर माझा हात सोडेनात. तोंडातून शब्द नाही. शाळा डोक्यावर घेणारी बाई, दादा.

त्यात माझं हे. दुकानावरच्या माझ्या खोलीचं छत खाली आलं. मी खाली गिऱ्हाईकाचे डोळे तपासत होते म्हणून वाचले. गवंडी म्हणतो महिना लागेल, म्हणजे दोन. तुझ्या घरी येऊन राहू का? शिष्याची अडचण होणार असेल तर तसं लिही, मी दुसरीकडे बघीन.

भिंगरी


बेट, २६ एप्रिल

प्रिय भिंगरी,

विचारतेस काय? आजच जा. धूर पुष्कळ झाला, आता अग्नीही येऊ दे. माझी खोली घे. पलंगावरची पुस्तकं जमिनीवर ठेव, जमिनीवरची तशीच राहू दे.

मुख्याध्यापिकाबाईंचं वाचलं आणि माझा थट्टेचा सूर जरा खाली बसला. तू तिथे एकटी असणार. म्हणून गेल्या गेल्या चांगला कुलूपवाला बोलाव आणि त्याच्याकडून दोन कामं करून घे. तळमजल्याच्या सगळ्या खिडक्यांना गज. आणि दोन्ही दारांना आतूनही किल्लीनेच उघडणारं कुलूप. म्हणजे काच फोडून कोणी हात घातला तरी हाताला नुसतं कुलूप लागेल. किल्ल्या दारात ठेवू नकोस, अंगावर बाळग. एकदा हे झालं की माझी झोप परत येईल. इथल्या डासांच्या ताब्यात आहे ती, पण निदान हक्काने मागता येईल.

शिष्याला माझा निरोप सांग: गुरूंची बहीण येत आहे, चार पाय असल्यासारखं हळू चालावं आणि साखरेची मात्रा वाढवून मागू नये.

तुझा
दादा


८ मे

दादा,

आले. आता पत्र तुझ्याच घरच्या पत्त्यावर पाठव.

खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी धाकधूक होती. पण वर माणूस आहे या विचाराने धीर येतो. सकाळी भांडी घासते तेव्हा वर पावलं ऐकू येतात, मी थांबले की तीही थांबतात. तुझा निरोप जिन्यातून सांगितला. हसला असावा. परवा चष्म्याची डबी स्वयंपाकघरात विसरून कामाला गेले, तर संध्याकाळी ती माझ्या उशाशी ठेवलेली. काच पुसून! इतका लक्ष ठेवणारा मुलगा आहे. एकच सांगशील का त्याला, मी घरी नसताना माझ्या खोलीत जाऊ नको म्हणून? बाईमाणसाची खोली आहे, बरं दिसत नाही. तू सांगितलंस तर वाईट वाटणार नाही त्याला.

काल घड्याळवाले काका दुकानातून उठून, रस्ता ओलांडून मुद्दाम आले. म्हणाले, "तुमचे बंधू परत आले का?" मी म्हटलं, नाही हो. तर म्हणाले, "मग त्यांचा राखाडी कोट घातलेला माणूस दुपारी वरच्या खिडकीत उभा होता तो कोण? तुम्ही फाटकाबाहेर पडलात तेव्हाच पडद्याजवळ आला. तुम्ही वळणावर दिसेनाशा होईपर्यंत बघत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पडदा ओढला." मी हसून म्हटलं, अहो, तो दादाचा शिष्य. काका हसले नाहीत. वयाने चाळिशीच्या पुढचा वाटला, म्हणाले. तुझे विद्यार्थी लवकर म्हातारे होतात, त्यात नवल नाही.

कुलूपवाला पुढच्या शनिवारी, सोळा तारखेला येतो आहे.

भिंगरी


बेट, १५ मे

भिंगरी,

हे पत्र हातात पडेल तिथून, उभ्या उभ्या, घराबाहेर पड. पत्र वाचून पुरं करायला थांबू नकोस. समोर काकांच्या दुकानात जा आणि पुढचं तिथे वाच.

शिष्य नाही. मी कुणालाही नेमलेलं नाही, कुणाला किल्ली दिलेली नाही. तू पडद्याचं आणि सदऱ्याचं लिहिलंस तेव्हा मला वाटलं, नेहमीसारखी माझी फिरकी घेते आहेस. लहानपणी ट्रंकेत वाघ आहे सांगून मला दुपारभर झाकणावर बसवणारी तू. म्हणून मीही त्याच चालीवर उत्तर दिलं. साखर खाणारा, न दिसणारा शिष्य. मला वाटलं, एवढं वाचल्यावर तू हसशील. तू डबा ठेवल्याचं लिहिलंस, मी हसलो. फळी वाजल्याचं लिहिलंस, मी मनात शाबासकी दिली. आपण दोघं एकमेकांना दाद देत बसलो, आणि तो वरून ऐकत होता.

घड्याळवाल्या काकांना विनोद येत नाही. त्यांनी जन्मात एकदाही थट्टा केलेली नाही. ते कोट दिसला म्हणतात, म्हणजे कोट होता.

गल्लीतलं माझंच घर का फुटलं नाही ते आता कळतं. स्वतःचं राहतं घर कोण फोडेल?

कुलूपवाल्याला हात लावू देऊ नकोस. दारं उघडी राहू देत. वर हाक मारू नकोस, सामान घेऊ नकोस, चपलासुद्धा शोधू नकोस. बंदरावर जाऊन बिनतारीवाल्याचे पाय धरतो आहे, पोलिसांना संदेश पाठवायला. वादळाने यंत्र बंद आहे, सुरू झालं की पहिला संदेश आपला. बोट गेलेली आहे, पुढची पंधरवड्याने.

दादा


१७ मे, रविवार

दादा,

तुझं पत्र अजून नाही, तरी लिहायला बसले, कारण काम फत्ते झाल्याचं तुला कळायला हवं. आता झोप.

कुलूपवाला काल दिवसभर होता. मोठा बडबड्या. मागच्या दाराची कडी बघून म्हणाला, "बाई, ही तर बाहेरून साध्या तारेने निघते. इतके दिवस कोणी आत आलं नाही हे नशीब." आता खिडक्यांना बोटाएवढे जाड गज आहेत. दोन्ही दारांना तू म्हणालास तशी कुलपं, आतूनही किल्लीनेच उघडणारी. जाताना म्हणाला, "आता हे दार फोडायचं तर पलटण लागेल." दोन्ही किल्ल्या मी पदराला बांधल्यात. चालले की वाजतात. घरची मालकीण झाल्यासारखं वाटतं.

कुलूपवाला असेपर्यंत वर काहीच वाजलं नाही. डबाही तसाच राहिला. मला वाटलं, आवाजाने वैतागला असेल. आज सकाळी मात्र बराच वेळ पावलं, या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत. मग माझ्या लक्षात आलं, अरे, मी दारं लावून बसले आणि त्याला किल्ली दिलीच नाही! बिचारा बाहेर जाणार कसा? म्हणून आत्ता जिन्याशी उभी राहून मोठ्याने सांगितलं, "किल्ल्या माझ्याकडे आहेत हो. बाहेर जायचं असेल तर खाली येऊन मागून घ्या."

आता जिना वाजतो आहे. सावकाश उतरतो आहे. बरंच झालं, इतके दिवस एका छपराखाली राहून तोंडओळख नाही. चहाचं आधण ठेवते, तुला पुढचं


बेट, २९ मे

माझ्या घरात राहणाऱ्या गृहस्थांस,

मायन्यात काय लिहावं ते मला सुचत नाही. जन्मभर लोकांना पत्रलेखन शिकवलं.

बहिणीचं १७ तारखेचं पत्र मिळालं. ते वाक्याच्या मध्येच थांबलं आहे. पाकिटावरचा पत्ता तिच्या अक्षरात नाही. अक्षर सुरेख आहे, तिकीट सरळ लावलं आहे. याचा अर्थ माझं १५ तारखेचं पत्रही तिच्या हाती न पडता तुमच्या हाती पडलं असणार. तुम्ही ते वाचलं असेल. तेव्हा आपल्यात आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

आज पोलिसांचा बिनतारी निरोप आला. ते येऊन गेले. त्यांनी दार वाजवलं, आतून एका बाईने "सगळं ठीक आहे, दादा उगीच घाबरतो" असं सांगितलं. दार उघडलं नाही. कुलपं भक्कम आहेत, काळजीचं कारण नाही, असा त्यांचा शेरा आहे. मी या निरोपाबद्दल तुमचा ऋणी आहे. तो आवाज तिचा होता एवढं मला त्यावरून कळलं. तिने तुमच्या सांगण्यावरून म्हटलं असेल, तरी म्हटलं.

त्यांना पुन्हा पाठवा असं मी बिनतारीवाल्याला अजून सांगितलेलं नाही. दार भक्कम आहे, फोडायला वेळ लागेल, आणि तेवढ्या वेळात आत काय होईल याचा विचार मला करवत नाही. मी उद्याच्या बोटीने निघतो आहे. टपालाचं विमान माणसं घेत नाही, म्हणून हे पत्र माझ्या आधी पोचेल. मी येईन तो एकटा येईन.

घरातलं जे आवडेल ते तुमचं. कोट तुम्हाला बरोबर बसला असेल तर ठेवा. वरच्या खोलीत गल्लीतलं जे काही आणून ठेवलं असेल त्याबद्दल मी कुणाला एक शब्द विचारणार नाही. घर हवं असेल तर घर घ्या, त्याचे कागद मी तुमच्या नावाने करून देईन. तुमचं नाव तेवढं सांगावं लागेल, किंवा तेही नको.

तिचे गुडघे दुखतात. जिना चढायला लावू नका. चष्मा काढून ठेवला की तिला फार कमी दिसतं आणि ती घाबरते, तो तिच्या हाताशी राहू द्या. ती जास्त बोलते. भीती वाटली की आणखी बोलते. तुम्हाला राग आणण्याचा तिचा हेतू नसतो. तुम्हाला तिने मनापासून जेवू घातलं आहे, तुम्ही कोण ते ठाऊक नसताना. हे मी उपकार म्हणून मोजून दाखवत नाही. तुम्ही डबा धुऊन ठेवत होता, तेवढ्याच एका गोष्टीचा मला आधार आहे, म्हणून लिहितो.

किल्ल्या तिच्या पदराला आहेत. त्यांतली एक काढून तिच्या हातात द्या आणि तिला पुढच्या दाराबाहेर जाऊ द्या. ती फाटकापर्यंत पोचली की हवं तर कुलूप पुन्हा लावून घ्या. मी कुणालाही ते उघडू देणार नाही.

आपला नम्र,
तिचा भाऊ